‘येऊ नका’ म्हणणारे लेस्टर

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून उत्तरेकडे सुटणारी गाडी साधारण सव्वा तासात लेस्टरला पोहोचते. इंग्लंडच्या मधोमध वसलेले हे मध्यम आकाराचे शहर आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार होती. २०११ साली आपल्या अहिल्यानगर शहराची लोकसंख्या जवळपास एवढीच होती. स्थानकाबाहेर थॉमस कुक यांचा पुतळा उभा आहे. ५ जुलै १८४१ रोजी याच गृहस्थांनी सुमारे पाचशे लोकांना लेस्टरहून लफबरो येथे दारूबंदीच्या सभेसाठी खास आगगाडीने नेले. आधुनिक पर्यटन व्यवसायाचा आरंभ त्या छोट्या प्रवासापासून मोजला जातो.

जगाला प्रवासाची गोडी लावणाऱ्या या शहराने १९७२ साली मात्र हजारो प्रवाशांना ‘आमच्याकडे येऊ नका’ असे जाहीरपणे सांगितले. तरीही ते लोक आले, राहिले, आणि पन्नास वर्षांत त्यांनी त्या शहराचे रूप पालटून टाकले. त्यांत गुजराती भाषिक व्यापारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि जैन कुटुंबेही होती. म्हणूनच लेस्टरची ही कहाणी आपल्या समाजाने जाणून घ्यावी अशी आहे.

दुकानाची चावी आणि नव्वद दिवस

या कहाणीचे मूळ पूर्व आफ्रिकेत आहे. १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वेमार्ग घातला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर नेण्यात आले. रुळांच्या मागोमाग कच्छ, काठियावाड आणि चरोतरमधील व्यापारी गेले. आडगावात पत्र्याचे छप्पर घालून मीठ, कापड, साखर, रॉकेल विकणारा ‘दुकावाला’ हा तेथील जीवनाचा भाग झाला. स्वाहिली भाषेने ‘दुकान’ हा आपला शब्दच उचलला. जामनगर परिसरातील हालारी ओसवाल जैनांचा केनियाकडील ओघ १८९९ पासूनचा. दुष्काळाने पिचलेली शेतकरी कुटुंबे तेथे हळूहळू व्यापारात स्थिरावली. मोंबासा येथे १९६३ साली प्रतिष्ठा झालेले शिखरबंद देरासर हे त्या स्थिरतेचे चिन्ह होते.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचे लष्करशहा इदी अमीन यांनी आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा असे फर्मान काढले. दुकान, घर, कारखाना, बँकेतील शिल्लक सर्व मागे राहिले. प्रत्येक कुटुंबाला जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड बरोबर नेता येत होते. १८ सप्टेंबरला पहिले विमान लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरले. ब्रिटिश पारपत्र असलेले सुमारे अठ्ठावीस हजार लोक थोड्याच आठवड्यांत ब्रिटनमध्ये पोहोचले. इतर काही कॅनडात गेले, काही भारतात परतले.

ब्रिटिश शासनाने त्यांच्यासाठी पुनर्वसन मंडळ नेमले आणि देशभरातील जुन्या लष्करी तळांवर सोळा छावण्या उघडल्या. मंडळाने शहरांची दोन भागांत विभागणी केली. जेथे आधीच स्थलांतरितांची गर्दी होती ती शहरे ‘लाल’, जेथे जागा होती ती ‘हिरवी’. लेस्टर लाल यादीत होते. १५ सप्टेंबर १९७२ रोजी लेस्टरच्या नगरपरिषदेने युगांडातील ‘युगांडा अर्गस’ या दैनिकात जाहिरात दिली. घरांसाठी मोठी प्रतीक्षायादी आहे, शाळांत जागा नाहीत, आरोग्यसेवेवर ताण आहे. तेव्हा स्वतःच्या हितासाठी लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता.

या जाहिरातीचा परिणाम उलटाच झाला असे पुढे अनेकांनी नोंदवले आहे. ज्यांनी लेस्टरचे नाव ऐकले नव्हते त्यांनाही ते कळले, आणि ज्या गावात इतके आपले लोक आहेत की तेथील कचेरीला धास्ती वाटते, तेथे आपलीही सोय लागेल असा सरळ हिशेब लोकांनी केला. १९६८ च्या आसपास केनियातून आलेली कुटुंबे तेथे होतीच. अनोळखी देशात थंडीच्या तोंडावर उतरलेल्या माणसाला ‘हिरव्या’ गावातील मोकळ्या घरापेक्षा ‘लाल’ गावातील नातलगाचे भरलेले घर जवळचे वाटले, यात नवल नाही.

बेलग्रेव्ह रोडवरची पत

लेस्टर हे मोजे, विणलेले कपडे आणि बूट यांचे शहर. कारखान्यांत हातांची गरज होती, त्यामुळे काम लगेच मिळाले. परंतु ते कोणत्या प्रतीचे होते हेही सांगितले पाहिजे. काल दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस आज रात्रपाळीत यंत्रावर उभा होता. ज्या स्त्रियांनी कधी घराबाहेर नोकरी केली नव्हती त्या शिवणयंत्रावर तुकड्यांच्या हिशेबाने काम करू लागल्या. १ मे १९७४ रोजी इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातील ३९ आशियाई कामगार बोनसच्या हिशेबातील अन्यायाविरुद्ध बाहेर पडले. थोड्याच दिवसांत ही संख्या शेकड्यांत गेली आणि संप सुमारे तीन महिने चालला. कामगार संघटनेने त्यांची पाठराखण केली नाही. संपकऱ्यांची ताकद होती ती शेजारपाजाऱ्यांत आणि भाषाबंधूंत. पुढच्या वर्षी कारखानाच बंद पडला. पण ‘हे लोक मुकाट्याने काम करतात’ हा समज मात्र त्या तीन महिन्यांत कायमचा मोडला.

कारखाने आटू लागले तसे लोक व्यापाराकडे वळले. शहराच्या घड्याळ मनोऱ्यापासून उत्तरेकडे गेले की बेलग्रेव्ह रोड लागतो. १९७० च्या सुमारास त्या भागातील अनेक गाळे रिकामे पडले होते आणि भाडे कमी होते. तेथे साड्यांची, मिठाईची, भाजीपाल्याची, दागिन्यांची दुकाने एकामागोमाग एक उघडली. बॉबीज हे शाकाहारी उपाहारगृह १९७६ पासूनचे आहे. आज या रस्त्याला ‘गोल्डन माइल’ म्हणतात. हे नाव सराफी पेढ्यांमुळे पडले असे कोणी सांगतात, तर पूर्वी तेथे असलेल्या पिवळ्या वाहतूकदिव्यांच्या रांगेमुळे पडले असे कोणी. १९८३ पासून तेथे दिवाळीची रोषणाई केली जाते. भारताबाहेरील सर्वांत मोठ्या दिवाळी उत्सवांत तिची गणना होते आणि ज्या नगरपरिषदेने एकेकाळी ‘येऊ नका’ म्हटले तीच आता या उत्सवाची जाहिरात करते. २००९ पासून या रस्त्यावर महात्मा गांधींचा पुतळाही उभा आहे.

भांडवल कोठून आले, हा प्रश्न व्यापारी वाचकाच्या मनात येणारच. युगांडातील पैसा तर तेथेच अडकला होता. तारण म्हणून दाखवावे असे काही नव्हते आणि नव्या देशात कर्जफेडीचा पूर्वेतिहास नव्हता. बँकेच्या भाषेत अशा ग्राहकाची पत शून्य. परंतु आफ्रिकेतील बाजारपेठांत ज्याचे व्यवहार चोख होते, त्याला ओळखणारी माणसे लेस्टरमध्ये होती. नातलगांनी वेतनातून साठवलेली रक्कम एकत्र केली. घाऊक व्यापाऱ्याने माल उधार दिला. आईवडील, मुले, सुना आळीपाळीने गल्ल्यावर बसली. पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकान उघडे राहिले. कागदावरची पत मागून आली. समाजाने दिलेली पत आधी कामाला आली.

या यशाच्या कथेत एक गोष्ट बहुधा सुटते. पैसा आणि कष्ट यांच्याइतकीच आणखी एका वस्तूची त्या लोकांना गरज होती, ती म्हणजे माहितीची. परवाना कोठे मिळतो, विक्रीकराचे विवरणपत्र कसे भरतात, मुलाला शाळेत नाव नोंदवण्यासाठी कोणता दाखला लागतो, आजारी सासूला डॉक्टरकडे काय सांगायचे, मालकाने वेतन कापले तर दाद कोठे मागायची, हे ज्याला समजत नाही तो कितीही कष्टाळू असला तरी परावलंबी राहतो. ही माहिती आपल्या भाषेत पोहोचवण्याचे काम वृत्तपत्रे, नभोवाणी आणि समाजसंस्था यांनी केले.

छापलेला आणि ऐकू येणारा शब्द

ब्रिटनमधील गुजराती पत्रकारितेचा पाया १९६८ साली घातला गेला. त्या वर्षी एप्रिलमध्ये रमणिकलाल सोलंकी यांनी पत्नी पार्वतीबेन यांच्या साथीने लंडनमधून ‘गरवी गुजरात’ सुरू केले. १९७२ मध्ये लंडनहून ‘गुजरात समाचार’ निघू लागले आणि १९७६ पासून त्याची धुरा सी. बी. पटेल यांनी घेतली. ही पत्रे लंडनची असली तरी वाचक लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर असे सर्वत्र पसरलेले होते. त्यांत मायदेशाच्या बातम्या असत, विवाहविषयक जाहिराती आणि निधनवार्ता असत. त्याचबरोबर नागरिकत्वाचे बदलते कायदे आणि व्यवसायाचे नियम यांची समज देणारा मजकूरही असे. सोलंकी यांच्या संस्थेने १९८५ मध्ये ‘एशियन ट्रेडर’ हे केवळ किरकोळ दुकानदारांसाठीचे नियतकालिक काढले. कोपऱ्यावरचे छोटे दुकान चालवणाऱ्यालाही धंद्याची बातमी लागते, हे ओळखून केलेला तो उपक्रम होता.

छापील शब्द वाचणाऱ्यापर्यंत जातो. नभोवाणी निरक्षरापर्यंतही जाते. बीबीसीने १९६५ साली स्थलांतरितांसाठी स्वतंत्र विभाग स्थापून ‘अपना ही घर समझिए’ हा कार्यक्रम आरंभिला आणि १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘नई जिंदगी नया जीवन’ सुरू झाला. त्यांची भाषा मुद्दाम साधी हिंदुस्थानी ठेवलेली होती, जेणेकरून हिंदी, उर्दू, पंजाबी आणि गुजराती घरांतही ती समजावी. शीर्षकातील ‘जिंदगी’ आणि ‘जीवन’ हे दोन्ही शब्द त्याच धोरणाची साक्ष देतात.

लेस्टरचे स्वतःचे योगदान यापुढचे आहे. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झालेले बीबीसी रेडिओ लेस्टर हे बीबीसीचे देशातील पहिले स्थानिक केंद्र. १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत स्थलांतरितविरोधी नॅशनल फ्रंट या पक्षाला लेस्टरमध्ये सुमारे १८ टक्के मते पडली. रस्त्यावर वातावरण तापलेले होते. त्याच वर्षी या केंद्राने ‘सिक्स ओक्लॉक शो’ हा आशियाई श्रोत्यांसाठीचा संध्याकाळचा दैनंदिन कार्यक्रम सुरू केला. चित्रपटगीते होतीच, पण त्यांच्या जोडीला शहराच्या बातम्या, सूचना, मुलाखती आणि श्रोत्यांचे प्रश्न होते. आठवड्यातून एकदा कोठेतरी कोपऱ्यात अर्धा तास देण्याऐवजी ऐन संध्याकाळी रोज वेळ देणे याचा अर्थ श्रोत्यांनी बरोबर ओळखला. हे शहर आपल्याशी रोज बोलू इच्छिते, असा तो अर्थ होता.

त्या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. १९८० च्या दशकाअखेरीस लेस्टर आणि बर्मिंगहॅमची केंद्रे जोडून आशियाई सेवा उभी राहिली, १९९६ मध्ये ती ‘बीबीसी एशियन नेटवर्क’ या नावाने स्वतंत्र झाली आणि २००२ मध्ये डिजिटल माध्यमातून देशभर पोहोचली. मार्च २०१० मध्ये खर्चकपातीसाठी ती बंद करण्याचा प्रस्ताव आला. श्रोत्यांनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. खासगी क्षेत्रातही लेस्टरने ‘सबरस रेडिओ’ उभा केला. ‘सबरस’ म्हणजे मीठ. नूतन वर्षाच्या पहाटे गुजरातेत दारोदार शकुनाचे मीठ ‘सबरस’ म्हणून विकले जाते. परक्या देशात नभोवाणी केंद्राला असे नाव द्यावे, यातच त्या मंडळींची दृष्टी दिसते.

चर्चच्या इमारतीत देरासर

शहराच्या मध्यापासून चालत थोड्या अंतरावर, डी माँटफोर्ट विद्यापीठालगत ऑक्सफर्ड स्ट्रीट आहे. तेथे पांढऱ्या संगमरवरी कोरीव दर्शनी भागाची एक वास्तू अचानक समोर येते. मूळची ही एकोणिसाव्या शतकातील काँग्रिगेशनल पंथाची प्रार्थनावास्तू. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या लेस्टरच्या जैन समाजाने १९७९ साली ती विकत घेतली. पुढे हीच संस्था ‘जैन समाज युरोप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या उभारणीत डॉ. नटुभाई शहा यांचा पुढाकार होता. जुलै १९८८ मध्ये प्रतिष्ठा महोत्सव झाला आणि पाश्चात्त्य जगातील पहिले प्रतिष्ठित जैन मंदिर म्हणून या स्थानाची नोंद झाली.

आत पिवळ्या दगडाचे कोरीव खांब आहेत, भिंतींवर आरशांच्या तुकड्यांचे नक्षीकाम आहे. चर्चच्या परंपरेतील रंगीत काचांच्या खिडक्याही आहेत. मात्र त्यांतून प्रकाशते ते भगवान महावीरांचे चरित्र. परंतु या वास्तूचे खरे वैशिष्ट्य तिच्या आराखड्यात आहे. एकाच छपराखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर आहे. भारतात ज्यांच्या वाटा क्वचितच एकत्र येतात, ती कुटुंबे येथे एकाच दाराने आत येतात. संख्या थोडी होती, पैसा मोजका होता. चार वेगळ्या वास्तू उभारणे शक्यच नव्हते. गरजेने केलेली तडजोड असे कोणी म्हणेल, पण ती तडजोड टिकली आणि पुढील पिढीने तिलाच परंपरा मानले. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाने विस्तीर्ण जागेत उभारलेले केंद्र हे याच प्रयत्नांचे दुसरे मोठे उदाहरण.

समाजकेंद्र म्हणजे केवळ पूजास्थान नव्हे, हे लेस्टरमधील इतर संस्थांकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. होली बोन्स या रस्त्यावरील गुरुद्वारा एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. बेलग्रेव्ह भागात स्त्रियांनी ‘बेलग्रेव्ह बहेनो’ ही संस्था उभी केली. इंग्रजी शिकणे, शिवणकामापलीकडचे कौशल्य मिळवणे, घरातील छळाविषयी विश्वासाने बोलणे अशा गोष्टींसाठी स्त्रियांना हक्काची जागा असावी, हा त्यामागील विचार. याच प्रयत्नातून २००५ मध्ये ‘पीपल सेंटर’ ही मोठी वास्तू उभी राहिली. हे नाव आपल्या पिंपळाचे. घरातील पुरुषाला दुकानात, कारखान्यात रोज इंग्रजी ऐकून थोडीफार येऊ लागते. घरी राहणाऱ्या स्त्रीला ती संधी नसते, आणि कुटुंबाच्या आरोग्याचा व मुलांच्या शाळेचा बहुतेक भार तर तिच्यावरच असतो. म्हणून समाजाच्या पैशांतून सर्वाधिक परतावा देणारी गुंतवणूक कोणती असे विचारल्यास, स्त्रियांच्या भाषावर्गाकडे बोट दाखवावे लागेल.

भाषा टिकवण्याचा हिशेब

नवी भाषा शिकणे जेवढे आवश्यक, तेवढीच जुनी भाषा राखणे कठीण. २०११ च्या जनगणनेत लेस्टरमधील दर दहा रहिवाशांमागे एकाहून अधिकांनी गुजराती ही आपली मुख्य भाषा असल्याचे सांगितले. तरीही नातवंडांची पिढी घरात इंग्रजीच बोलते. शनिवार-रविवारचे भाषावर्ग, पाठशाळा आणि सणांचे कार्यक्रम यांवर भाषेचा डोलारा उभा आहे. २०१५ च्या सुमारास इंग्लंडमधील गुजरातीसह काही भाषांच्या शालान्त परीक्षा बंद होण्याची वेळ आली होती. पालक, शिक्षक आणि भाषाप्रेमी यांनी मागणी लावून धरली आणि २०१६ मध्ये शासनाने त्या चालू ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. परीक्षा वाचली, तिला बसणारी मुले घरातून यावी लागतात, हे काम मात्र कोणतेही शासन करू शकत नाही.

नभोवाणीचेही तेच झाले आहे. श्रोते बदलले तशी इंग्रजीची मात्रा वाढली. जे माध्यम एकेकाळी आजीला शहर समजावून सांगत होते, ते आता नातवाला आजीची गाणी ऐकवते. हा बदल स्वाभाविक आहे; परंतु समजावून सांगण्याची गरज संपलेली नाही, कारण शहरात नवे लोक येतच आहेत.

दारात उभे असलेले नवे लोक

या नव्या लोकांशी गोव्याच्या इतिहासाचाही धागा जुळलेला आहे. गोवा, दमण आणि दीव हे प्रदेश डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत या पारपत्रावर तेथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क होता. गोव्याची मंडळी स्विंडन, साउथॉल अशा ठिकाणी गेली. दमण आणि दीवची अनेक गुजराती भाषिक कुटुंबे लेस्टरला आली. १९७२ ची माणसे ज्या कारणाने आली त्याच कारणाने हीही आली: तेथे आपली भाषा बोलणारे लोक होते.

त्यांच्यापैकी अनेकांना तयार कपड्यांच्या छोट्या कारखान्यांत काम मिळाले. जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, यांतील काही कारखान्यांत तासाला साडेतीन पौंड इतके अल्प वेतन दिले जात असल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत झळकल्या. त्या वेळी प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन तासाला ८ पौंड ७२ पेन्स होते. कारखान्यांचे कित्येक मालक स्वतः आशियाई वंशाचेच होते, ही यातली बोचणारी गोष्ट. १९७४ च्या संपात ज्यांनी बोनसच्या हिशेबासाठी लढा दिला त्यांच्याच समाजाच्या शहरात, पन्नास वर्षांनी, इंग्रजी न येणारी एखादी स्त्री अर्ध्या वेतनावर गप्प राहत होती.

ज्या भाषाबंधुत्वाने पूर्वी आधार दिला तेच येथे कामगाराच्या पायातली बेडी झाले. मालकही आपलाच, घरमालकही आपलाच, शेजारीही आपलाच. मग तक्रार कोणाकडे करायची? म्हणून शहरातील हायफील्ड्स भागातील समाजकेंद्रात वस्त्रकामगारांसाठी सल्लाकेंद्र सुरू झाले. तेथे कामगाराच्या भाषेत त्याचे हक्क समजावून दिले जातात आणि थकलेले वेतन मिळवण्यास मदत केली जाते. १९७६ मध्ये नभोवाणीने जे केले तेच हे काम, फक्त टेबलासमोर बसून केलेले.

दुसरा धडा सप्टेंबर २०२२ चा. त्या महिन्यात लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या जमावांत तणाव निर्माण होऊन रस्त्यावर अशांतता माजली. समाजमाध्यमांतून पसरलेल्या अफवांनी तिला खतपाणी घातले आणि त्यांतील कित्येक संदेश शहराबाहेरून, देशाबाहेरूनही आलेले होते. अफवाही आपल्याच भाषेत येते, म्हणून ती खरी वाटते. संपादकाने बातमी छापण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारायचे, निवेदकाने शब्द मोजून वापरायचे. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर लोकांना तोंड दाखवायचे असे. दूरध्वनीवरून संदेश पुढे ढकलणाऱ्यावर ते बंधन नाही. बहुभाषिक माध्यमांचे मोल केवळ भाषेत नसून उत्तरदायित्वात आहे, हे लेस्टरने त्या आठवड्यांत चढ्या किमतीला शिकून घेतले.

याच शहरात त्याच्या उलट चित्रही आहे. पश्चिमेकडील नारबरो रोड या रस्त्याचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी अभ्यास केला, तेव्हा २० हून अधिक देशांत जन्मलेले दुकानदार तेथे व्यवसाय करत असल्याचे आढळले. त्यांच्यात एकमेकांना अर्ज भरून देणे, दुरुस्तीची कामे करून देणे अशी देवाणघेवाण चालते. तेथे एका समाजाची सत्ता नाही, म्हणून सर्वांनाच सर्वांची गरज आहे.

आपल्यासाठी

महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना ही कहाणी परकी नाही. राजस्थान आणि गुजरातेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, जळगाव येथे पेढ्या टाकल्या, तेव्हा तेही त्या गावांना नवेच होते. ते मराठी शिकले, वह्या मात्र बराच काळ आपल्या लिपीत लिहीत राहिले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने, म्हणजे आजच्या दक्षिण भारत जैन सभेने, विद्यार्थी वसतिगृहे आणि ‘प्रगति आणि जिनविजय’ हे मुखपत्र यांच्या आधारे मराठी व कन्नड मुलखातील समाज जागा केला. लंडनमधील मराठी माणसांनी १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. वसतिगृह, सभागृह आणि नियतकालिक ही त्रयी सर्वत्र तीच आहे.

प्रश्न यापुढचा आहे. आज आपल्या गोदामांत, कारखान्यांत आणि बांधकामांवर बिहार, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश येथून आलेले लोक काम करतात. वेतनाचा फलक त्यांना वाचता येईल अशा भाषेत लागतो का? भविष्यनिर्वाह निधीचा कागद कोणी त्यांना समजावून देतो का? त्यांच्या मुलाला मराठी शाळेत पहिल्या दिवशी काय कळते? साधर्मिक भक्ती हे आपले व्रत आहेच. पण लेस्टरचा अनुभव सांगतो की आधार केवळ आपल्या माणसांपुरता राहिला, तर कालचा आश्रित उद्याचा कठोर मालक होण्यास वेळ लागत नाही.

वेतनाचा तक्ता हिंदीत लावण्यास, आठवड्यातून एक संध्याकाळ समाजाच्या सभागृहात अर्ज भरून देण्यास, शाळेच्या वेळेनंतर चार मुलांना मराठी शिकवण्यास फारसे भांडवल लागत नाही. लेस्टरच्या समाजानेही आरंभ मोजक्या पैशांनीच केला होता. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीच्या संध्याकाळी हजारो लोक जमतात, त्यांत सर्व वर्णांचे आणि धर्मांचे लोक असतात. ते दिवे नगरपरिषदेच्या खर्चाने लागतात. त्या रस्त्यावर पहिला दिवा मात्र कोणीतरी रिकाम्या गाळ्यात, उधारीवर आणलेल्या मालासमोर लावला होता.